तारीख सांगितली, रीत सांगायची राहिली

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला फेब्रुवारी महिना म्हणजे लग्नसराईच. रोज कुठून तरी बोलावणं येतं. गाडी येते, हार-नारळ होतो, आपण तासभर बोलतो, लोक टाळ्या वाजवतात आणि रात्री उशिरा आपण घरी परततो. मीही हे पुष्कळ वर्षं केलं. आज मात्र ज्या व्याख्यानाला टाळ्या मिळूनही मी नापास झालो, त्याबद्दल बोलणार आहे.

गोष्ट २००२ सालची, सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली. शिवाजी महाराजांची जन्मतारीख १९ फेब्रुवारी १६३० हीच ग्राह्य धरायची, असं राज्य शासनानं आदल्या वर्षी, म्हणजे २००१ मध्ये ठरवलं होतं. त्या तारखेला शाळेच्या पटांगणात माझं व्याख्यान होतं. मी ठासून सांगितलं, "संशोधनानं हे सिद्ध झालेलं आहे. वैशाखातली जुनी तिथी आता विसरा." व्याख्यान संपल्यावर पटका बांधलेले एक वृद्ध गृहस्थ पुढं आले. सगळे त्यांना तात्या म्हणत होते. ते म्हणाले, "सर, येक इचारू का? आमच्या आज्यानं, बापानं वैशाखात उत्सव केला. ती मान्सं खोटी व्हती का?"

मी हसलो. म्हणालो, "तात्या, तज्ज्ञांनी ठरवलंय ते. त्यांना जास्त कळतं." त्यांनी मान डोलावली आणि ते निघून गेले. गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की मान डोलावताना त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी त्यांना उत्तर दिलंच नव्हतं. अधिकार दाखवला होता. जो अधिकार 'तज्ज्ञ सांगतात म्हणून माना' असं म्हणतो, तो 'पूर्वज सांगत होते म्हणून माना' याहून वेगळा कसा? दोन्ही ठिकाणी ऐकणाऱ्यानं फक्त मान डोलवायची.

वर्षभर हे मनात राहिलं. पुढच्या वैशाखात त्या गावची यात्रा होती. काही कागदांच्या नकला पिशवीत घातल्या आणि मी एसटीनं गेलो. या वेळी बोलावणं नव्हतं, हारही नव्हता. तात्यांच्या ओसरीवर बसलो आणि म्हटलं, "तात्या, मागं तुमचा प्रश्न राहिला. आज रीत सांगतो. पटलं तर घ्या."

पहिली गोष्ट ही, की त्यांचा आजा खोटा नव्हता. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७, ही तिथी बखरींवरून आली होती. त्या काळी हाताशी असलेलं साधन तेच होतं. पण अशी माहिती देणाऱ्या बखरी पुष्कळ नंतरच्या. मल्हार रामराव चिटणीसांची बखर १८१० च्या सुमाराची, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली. शिवाय निरनिराळ्या बखरींचं एकमेकींशी जमतही नाही. मी तात्यांना विचारलं, "तुमच्या पणज्याच्या आज्याचा जन्म कोणत्या तिथीला झाला, सांगाल?" ते म्हणाले, "सालबी न्हाय सांगता यायचं." बखरकाराची अडचण हीच होती.

मग पिशवीतून जेधे शकावलीची नक्कल काढली. शकावली म्हणजे शकांच्या क्रमानं घटनांची टाचणं. हिच्यात ना अलंकार, ना संवाद. अमक्या शकात, अमक्या तिथीला, अमकं घडलं, एवढंच. जेधे हे भोरजवळच्या कारीचे देशमुख. त्यांच्या घराण्यातले कान्होजी जेधे स्वराज्याच्या उभारणीतले मोठे मानकरी. या घराण्याच्या शकावलीत शके १५४० ते १६१९ अशा जवळजवळ ऐंशी वर्षांतल्या नोंदी आहेत. त्यांत शिवजन्माची नोंद आहे : शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. पुढं नक्षत्र, घटिका आणि पळंसुद्धा. जन्म शिवनेरीवर.

तात्यांनी लगेच विचारलं, "ह्या कागदाला तरी खरं का मानायचं?" इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात याहून चांगला प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. एकट्या कागदाला खरं मानायचं नसतंच. दुसरा कागद शोधायचा. पहिल्याशी नातं नसलेला, दुसऱ्या हातानं, दुसऱ्या कारणासाठी लिहिलेला. कवींद्र परमानंदांचं 'शिवभारत' हे संस्कृत काव्य महाराजांच्या हयातीतलं. त्याची पोथी तंजावरला मिळाली आणि स. म. दिवेकरांनी ती १९२७ मध्ये मराठी भाषांतरासह छापली. तीत तोच शक, तोच महिना, तोच पक्ष, तीच तिथी. राजस्थानात जोधपूरकडं एका ज्योतिषाच्या संग्रहात महाराजांची कुंडली सापडली, तीही याच तिथीशी जुळणारी. मावळातला देशमुख, दरबारचा कवी आणि मारवाडातला ज्योतिषी. तिघांनी एकत्र बसून हे ठरवलं असण्याचा संभव नाही.

चौथी साक्ष आकाशाची. तिथी आणि वार यांचा मेळ हा गणिताचा भाग आहे. एखाद्यानं नंतर मनानं तिथी लिहिली, तर वार सहसा चुकतो. इथं थोडी गंमत आहे. शालिवाहन शक चैत्रात सुरू होतो. त्यामुळं शकाचा इसवी सन काढताना बहुतेक महिन्यांत ७८ मिळवायचे, पण वर्षाच्या शेवटी, जानेवारी लागल्यावर, ७९ मिळवायचे. फाल्गुन शेवटचा महिना. म्हणून १५५१ अधिक ७९, म्हणजे १६३०.

आता १९ फेब्रुवारी. ही तारीख आपल्या आजच्या कॅलेंडरातली नाही. पोप ग्रेगरीनं १५८२ मध्ये कॅलेंडर सुधारलं, पण इंग्लंडनं ती सुधारणा १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचा फरक होता. इंग्रज वखारवाल्यांच्या कागदपत्रांशी मेळ राहावा म्हणून आपल्या इतिहासात त्या काळासाठी जुन्या पद्धतीच्या तारखा रूढ झाल्या. आजच्या कॅलेंडरानं पाहिलं तर तो दिवस १ मार्च १६३० येतो. मग त्या दिवशी वार कोणता होता?

तात्यांच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं होतं. मी म्हटलं, "आजचं कॅलेंडर दर चारशे वर्षांनी जसंच्या तसं फिरून येतं. चारशे वर्षांचे दिवस होतात १,४६,०९७. त्यांना सातानं भागलं तर बाकी शून्य. म्हणजे १ मार्च १६३० चा वार तोच १ मार्च २०३० चा. आता यंदाच्या १ मार्चचा वार बघा."

तात्यांनी नातवाला पान उलटायला लावलं. १ मार्च २००३, शनिवार. साधं वर्ष गेलं की त्याच तारखेचा वार एकानं पुढं सरकतो आणि लीप वर्षाचा २९ फेब्रुवारी मध्ये आला की आणखी एकानं. २००३ ते २०३० ही सत्तावीस वर्षं. लीप वर्षं नातवानं बोटांवर मोजली : २००४, ०८, १२, १६, २०, २४, २८. सात. सत्तावीस आणि सात, चौतीस. त्यातून चार आठवड्यांचे अठ्ठावीस गेले, उरले सहा. शनिवारपासून सहा वार पुढं... पोरगं ओरडलं, "शुक्रवार!"

शकावलीत शुक्रवारच लिहिलेला आहे, हे मी पुन्हा दाखवलं. तात्या बराच वेळ त्या अक्षरांकडं बघत होते. मोडी त्यांना येत नव्हती. पण तो शुक्रवार त्यांच्या घरात, त्यांच्या नातवाच्या बोटांवर सिद्ध झाला होता. आता तो माझा राहिला नव्हता.

उंबऱ्याच्या आत तात्यांच्या मंडळी बसल्या होत्या. त्यांनी आतूनच विचारलं, "तीन वर्सांनी काय व्हतंय? राजा जल्मला ह्ये खरं ना?" मी म्हटलं, "आजी, फरक पडतो. जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांना निजामशाहीच्या दरबारात, देवगिरीच्या किल्ल्यावर, दगा करून मारलं. त्यांच्याबरोबर त्यांच्या मुलांनाही. ते साल १६२९, महिना जुलै. जन्म १६२७ चा धरला, तर शिवबा तेव्हा दोन वर्षांचे. १६३० चा धरला तर..."

मला वाक्य पुरं करावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, "म्हंजे बाप मारला तवा पोर पोटात व्हतं."

ओसरीवर कुणी काही बोललं नाही. जिजाबाईंवर मी कितीतरी व्याख्यानं दिली होती. माहेरचा कर्ता पुरुष, भाऊ एका दिवसात गेलेले, नवरा मोहिमांवर, स्वतः दिवस गेलेली, मुक्काम शिवनेरीवर. आणि बाळ जन्मल्यावर लगेच सुरू झालेला १६३० ते १६३२ चा दख्खनचा भयंकर दुष्काळ. हे सगळं मला माहीत होतं, पण सुट्या सुट्या टिपणांमध्ये. त्या बाईंनी एका वाक्यात ते जोडून दाखवलं. लोकांना इतिहास सांगायचा म्हणजे आपण वरून खाली उतरायचं, असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पुष्कळदा आपल्याच माहितीचा अर्थ आपल्याला समोरच्याकडून कळतो.

आता स्वतःच्या जमातीबद्दल बोलतो. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी भारत इतिहास संशोधक मंडळात प्रसिद्ध केली ती १९१६ मध्ये. 'शिवभारत' छापलं गेलं १९२७ मध्ये. शासनानं इतिहासतज्ज्ञांची समिती नेमली १९६६ मध्ये. तीत दत्तो वामन पोतदार, वा. सी. बेंद्रे, ग. ह. खरे, बाबासाहेब पुरंदरे अशी मंडळी होती. तिथंही एकमत झालं नाही. शासनाचा निर्णय झाला २००१ मध्ये. १९१६ ते २००१ ही पंचाऐंशी वर्षं झाली.

एवढा वेळ का लागला? वाद व्हायलाच हवा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो वाद चालला कुठं? त्रैमासिकांत, संमेलनवृत्तांत आणि टीपांत. गावातल्या माणसापर्यंत वाद पोचला नाही, फक्त निकाल पोचला, तोही हुकमासारखा. निकाल बदलला की लोकांना वाटतं, कालचे खोटारडे होते किंवा आजचे विकले गेले आहेत. संशोधकाचं मत पुराव्यानं बदलतं आणि तसं ते बदलावंच लागतं, हे आम्ही कधी सांगितलंच नाही. बेळगावात आजही शिवजयंतीची मोठी मिरवणूक वैशाखात निघते. तिच्यात चालणाऱ्यांना चूक ठरवून काय मिळणार? ती तिथी कुठून आली आणि नवी कुठून आली, हे दोन्ही सांगितलं पाहिजे.

आमच्या आधीच्यांनी असं केलं नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवरायांवर पवाडा लिहून प्रसिद्ध केला, तो ऐकणाऱ्यांसाठी. त्यातल्या प्रत्येक मुद्द्याशी आजचा संशोधक सहमत असेल असं नाही; पण इतिहास कुणाला सांगायचा, याबद्दल जोतीरावांच्या मनात संशय नव्हता. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' या मालेचे बावीस खंड त्यांनी काढले आणि हे सारं काम हट्टानं मराठीत केलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर परदेशात नाव झालं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? रियासतकार सरदेसाई बडोद्याच्या नोकरीत राहून मराठी वाचकासाठी 'रियासत' लिहीत राहिले. पुढं १९३० ते १९३४ या काळात त्यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग निघाले. मूळ कागद आणि सलग कथा या दोन्ही गोष्टी एकाच माणसानं केल्या.

नंतर आम्ही वाटणी करून टाकली. पुरावा विद्यापीठाकडं आणि कथा कादंबरीकाराकडं. कादंबरीला मी नावं ठेवत नाही, मीही त्यांवरच वाढलो. पण कादंबरीत अफझलखान काय म्हणाला ते अवतरणचिन्हांत असतं, आणि ते कुणी ऐकलं होतं हे विचारायची सोय नसते. आम्ही पुरावा कुलपात ठेवला, तेव्हा लोकांनी जे उघड्यावर होतं ते घेतलं. यात दोष लोकांचा नाही.

या सगळ्यात आमचं काय जातं, असं कुणी म्हणेल. काय जातं, ते मला त्याच दिवशी समजलं.

निघताना तात्या मला वेशीपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "सर, ह्यो जेध्यांचा कागद टिळकांकडं आला कसा?" मी सांगितलं, की कारीच्या दयाजीराव सर्जेराव ऊर्फ दाजीसाहेब जेधे देशमुखांनी आपल्या घरातला कागद विश्वासानं त्यांच्या हाती दिला. तात्या चालता चालता थांबले. म्हणाले, "आमच्याबी घरी येक रुमाल व्हता."

रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवायचा कापडी बासन. जुन्या दप्तरखान्यांत कागद रुमालांतच असतात. तात्यांच्या माळ्यावर असा एक रुमाल होता. आत काय आहे कुणाला वाचता येत नव्हतं. वडील वारल्यावर घर शाकारायला काढलं. कागद कसरीनं खाल्लेले. फेकायचे तर वाडवडिलांचे, ठेवायचे तर कुठं? शेवटी वडिलांच्या अस्थींबरोबर तो रुमाल कृष्णेत सोडला. "चाळीस वर्सं झाली," ते म्हणाले. "तवा तुमच्यावानी कुनी आलं असतं, आन् ह्ये आसं सांगितलं असतं, तर..."

पुढं ते बोलले नाहीत. मीही काही बोललो नाही. त्या रुमालात काय होतं? कदाचित जमिनीची कज्जेदलाली, कदाचित धान्याचा हिशेब, कदाचित देण्याघेण्याच्या पावत्या. बहुतेक रुमालांत तेच असतं. पण कारीच्या घरातही नुसती टाचणंच होती.

आमची साधनं आकाशातून पडत नाहीत. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत हे खरं. पण ते सरकारचे. मावळातल्या देशमुखाचे, कुलकर्ण्याचे, पाटलाचे, देवस्थानच्या गुरवाचे कागद लोकांच्या माळ्यावरच होते आणि काही अजून आहेत. आम्ही लोकांशी बोललो नाही, तर लोक अडाणी राहतील ही भीती मला नाही. आम्ही अडाणी राहू. इतिहास लोकांना समजावून सांगणं हा विद्वानांनी करायचा दानधर्म नव्हे. त्यांच्या माळ्यावरच्या वस्तूच्या बळावर आमचा धंदा चालतो. त्याचा हिशेब त्यांना द्यावाच लागतो.

त्या दिवसापासून मी एक नेम केला. व्याख्यानात दहा गोष्टी सांगायच्या नाहीत. एक सांगायची, आणि ती कशी कळली ते सांगायचं. कागद कुणाचा, कधीचा, लिहिणाऱ्याचा त्यात हेतू काय, त्याला दुजोरा कुणाचा. जिथं खात्री आहे तिथं खात्री म्हणायचं, जिथं तर्क आहे तिथं तर्क. टाळ्या कमी पडतात, हे कबूल करतो. प्रश्न मात्र जास्त येतात.

तात्यांनी पुढं उत्सव कधी केला, असं मला पुष्कळ जण विचारतात. वेशीवर मीच त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "सर, शुक्रवार पटला. पन वैशाखातला नारळ मी फोडनार. आज्याचा हाय त्यो. फाल्गुनातला नातू फोडंल." तात्या आता नाहीत. नातू त्याच गावातल्या शाळेत शिक्षक आहे. २०३० साली शिवजन्माला चारशे वर्षं पूर्ण होतील. त्या १ मार्चला फळ्यावर हे गणित मांडून वार शुक्रवारच आहे हे मुलांना दाखवायचं, असं त्यानं आतापासून ठरवलं आहे.

शेवटी एक विनंती. तुमच्या माळ्यावर, देव्हाऱ्यामागं, जुन्या पेटीत मोडीतले कागद असतील, तर ते उन्हात वाळवू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट करू नका आणि नदीत सोडू नका. स्वच्छ सुती कापडात सैल बांधा आणि कुणाला तरी दाखवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे, मुंबई, पुणे, कोल्हापूर इथली शासनाची पुराभिलेखागारं आहेत. कागद द्यायलाच हवा असं नाही. वाचून, नक्कल करून मूळ परत घरी नेता येतो. आणि ज्याला दाखवाल त्यानं नुसतं "यात काही विशेष नाही" असं म्हटलं, तर त्याला सोडू नका. तात्यांनी मला विचारलं तसंच विचारा : कशावरून?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)